खुर्ची डुगडुगते ती भोकामुळे

नमाजला आलेला एखादा वृद्ध मशिदीच्या भिंतीशी ठेवलेली लाकडी खुर्ची ओढून घेतो, बसण्यापूर्वी पाठीला धरून हलवून पाहतो आणि ती बाजूला सारून शेजारची प्लास्टिकची खुर्ची घेतो. हे दृश्य आता गावोगाव दिसते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसून नमाज अदा करावी लागते. सजद्यासाठी पुढे वाकताना खुर्ची हलली तर त्याचे लक्ष विचलित होते आणि पडण्याची भीती वाटते ती वेगळीच. त्या वृद्धाला लाकडाची पारख नसेल, पण खुर्ची हलते की नाही हे त्याच्या हाताला बरोबर कळते. तो हात आपल्या मालाची परीक्षा घेत असतो आणि सुतारकामावर पोट असणारे आपण बहुतेक जण त्या परीक्षेत नापास होत आहोत.

डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सारण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात ती घडी दिसते. गिऱ्हाईक म्हणते, लाकूड खराब निघाले. कारागीर म्हणतो, फरशी उंचसखल आहे. दुकानदार म्हणतो, वापरणाऱ्याने ओढाताण केली. माझ्या अनुभवाने सांगतो, दहापैकी आठ वेळा दोष लाकडाचा नसतो, फरशीचाही नसतो. दोष भोकाचा असतो. भोक थोडे तिरके गेले, थोडे मोठे झाले किंवा थोडे सरकले, आणि खुर्ची जन्मतःच लंगडी झाली.

अडीच सुताचा हिशेब

खुर्चीचा पाय साधारण अठरा इंचांचा असतो. त्यासाठी वर बैठकीत घेतलेले भोक केवळ एका अंशाने तिरके गेले तर पायाचे खालचे टोक सुमारे अडीच सूत, म्हणजे आठ मिलिमीटर बाजूला जाते. एक अंश डोळ्याला दिसत नाही. हातात ड्रिल मशीन धरून, मान वाकडी करून, अंदाजाने मारलेल्या भोकात दोन-तीन अंशांची चूक सहज होते. चार पायांत चार दिशांना अशी चूक झाली की खालच्या आडव्या दांड्या बसेनात. मग आपण काय करतो? पाय दाबून, ओढून, हातोडीने ठोकून दांडी बसवतो. खुर्ची उभी राहते, पॉलिश होते आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाते. पण लाकूड ती जबरदस्ती विसरत नाही. ताणून बसवलेला सांधा दररोज स्वतःला सोडवण्याच्या खटपटीत असतो. मराठवाड्याचा उन्हाळा आला, लाकूड आटले, की तो सुटतो.

भोक मोठे झाले तरी तेच. हाती धरलेले मशीन हलले की बारा मिलिमीटरचे भोक साडेबारा-तेराचे होते. त्यात खुंटी ढिली बसते. बाजारातला पांढरा सरस लाकडाला लाकूड घट्ट भिडले तरच पकड घेतो, पोकळी भरणे हे त्याचे काम नव्हे. आपण मात्र सरसात भुसा कालवून ती पोकळी लिंपतो. वरून पॉलिशचा हात फिरला की कोणाला काही दिसत नाही.

माझ्याच दुकानातली गोष्ट

ही टीका दुसऱ्यावर करण्यापूर्वी स्वतःची कहाणी सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेकडून आम्हाला चोवीस खुर्च्यांचे काम मिळाले. लाकूड चांगले होते. कारागीर जुने होते. वेळेवर माल दिला आणि पैसेही वेळेवर मिळाले. पावसाळ्यात दिलेल्या त्या खुर्च्यांपैकी सात उन्हाळ्यात परत आल्या. एकीचा पाय मोडला होता, बाकीच्यांचे सांधे सुटले होते. मला वाटले, शिल्लक पडलेला एक जादा पाय आहे, तो लावून देऊ. तो बसेना. मग एका खुर्चीचा पाय काढून दुसरीला लावून पाहिला. तोही बसेना. सात खुर्च्यांचे अठ्ठावीस पाय अंगणात मांडून दुपारभर खटपट केली, पण एका खुर्चीचा पाय दुसऱ्या खुर्चीला लागेल तर शपथ!

त्या दिवशी मला उमगले की आम्ही चोवीस खुर्च्या बनवल्याच नव्हत्या. आम्ही चोवीस निरनिराळ्या वस्तू बनवल्या होत्या, ज्या लांबून एकसारख्या दिसत होत्या. प्रत्येक खुर्चीत कारागिराने त्या त्या वेळी जसे जमेल तसे जुळवून घेतले होते. ते जुळवून घेणे हाच आमचा हुन्नर आहे असे आम्ही समजत होतो. संस्थेने पुढच्या वर्षी साठ खुर्च्या घेतल्या, त्या प्लास्टिकच्या. त्यांना मी दोष देऊ शकलो नाही.

इस्लापूरच्या कारागिराची अडचण

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले गाव. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, नदीपलीकडे विदर्भ, आणि आजूबाजूला सागाचे जंगल. बाहेरच्या माणसाला वाटते, जंगलाच्या दारात राहणाऱ्या सुताराला लाकडाची काय चिंता? प्रत्यक्षात सागाचे लाकूड दारात उभे असले तरी हातात येत नाही. ते वनखात्याच्या लिलावातून घ्यावे लागते. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते आणि माल हलवायला पास लागतो. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलांविषयी कडक आदेश दिले आणि ४ मार्च १९९७ च्या आदेशाने महाराष्ट्रातील विनापरवाना आरागिरण्या बंद करण्यास सांगितले. जंगल राखायचे तर असे नियम हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्याचा अर्थ कारागिराने नीट समजून घेतला पाहिजे. लाकूड स्वस्त होते तेव्हा एखादा पाय वाया गेला तरी चालत होते. आज एका चुकीच्या भोकाने एक पाय सरपणात जातो आणि त्याबरोबर त्या खुर्चीतला नफाही जातो.

दुसरीकडे प्लास्टिकची खुर्ची आहे. ती एकाच साच्यातून अखंड बाहेर पडते. तिला सांधा नाही, भोक नाही, खुंटी नाही. हजारावी खुर्ची पहिलीसारखीच असते. किमतीत आपण तिच्याशी कधीही टक्कर देऊ शकणार नाही, हे स्वतःशी कबूल करावे. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. पाय मोडला की ती भंगारात जाते. लाकडी खुर्चीचा पाय मात्र बदलता येतो. वीस वर्षांपूर्वीच्या खुर्चीला आज नवा पाय लावता आला, तर ती खुर्ची प्लास्टिकच्या चार खुर्च्यांना पुरून उरते. आपल्या हातात असलेला एकमेव हुकमाचा पत्ता हाच आहे. आणि तो आपण वापरू शकत नाही, कारण आपल्या एका खुर्चीचा पाय दुसरीला लागत नाही.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. त्याचे नाव फर्मा. कारखान्यात त्याला जिग म्हणतात. भोक कुठे पडावे, किती अंशात पडावे आणि किती खोल जावे हे हाताने न ठरवता ज्या ठोकळ्याने किंवा पट्टीने आधीच ठरवून टाकले जाते, तो फर्मा.

“फर्मा तर शिकाऊ पोरांसाठी!”

हा विषय काढला की आपल्याकडचे जुने उस्ताद हसतात. “ज्याच्या हातात हुन्नर नाही त्याने फर्मा वापरावा,” असे ते म्हणतात. उस्तादांचा मान राखून मी एक विचारतो. त्यांच्या पेटीत खुणा केलेली एक जुनी काठी असते की नाही? पायाची लांबी, बैठकीची उंची, दांडीची जागा, सगळ्या खुणा त्या काठीवर असतात. प्रत्येक वेळी टेप लावण्याऐवजी ते ती काठी लावतात. ती काठी म्हणजे फर्माच नव्हे काय? खतकश आणि गुण्या हेदेखील हाताची चूक रोखणारेच साधन आहे. गुण्या वापरल्याने जर हुन्नर कमी होत नसेल, तर फर्म्याने कसा होईल?

आपल्या इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसेल. दियारबकरच्या दरबारातील कारागीर अल-जझरी यांनी १२०६ साली आपला यंत्रविषयक प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. जलघड्याळे आणि पाणी उपसणारी यंत्रे बनवणारा हा माणूस लाकडाचे फर्मे वापरत होता, कागदाचे नमुने करून पाहत होता आणि लाकूड वाकू नये म्हणून त्याचे थर जोडत होता. त्याच्या हातात हुन्नर नव्हता असे कोण म्हणेल?

युरोपातले उदाहरण घ्या. ऑस्ट्रियात मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ साली वाकवलेल्या लाकडाची चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. तिचे लाकडी भाग सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग एक घनमीटरच्या पेटीत मावत आणि जगाच्या कोणत्याही बंदरात उतरून तिथेच जोडले जात. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील गोल बैठकीच्या खुर्च्या याच जातकुळीच्या. पेटीतला कोणताही पाय कोणत्याही बैठकीला लागत असे, म्हणूनच हे शक्य झाले. त्यामागे नुसता लाकूड वाकवण्याचा हुन्नर नव्हता, प्रत्येक भोक ठरलेल्या जागी पाडण्याची शिस्तही होती.

उस्तादाचा हुन्नर फर्म्यामुळे संपत नाही, तो फर्म्यात उतरतो. उस्ताद एकदा नीट बसून, मन लावून, चांगल्या उजेडात एक फर्मा तयार करतो. त्यानंतर संध्याकाळी थकलेल्या हाताने मारलेले भोकही सकाळच्या ताज्या हातासारखेच पडते. आणि समजा फर्म्यातच बारीकशी चूक राहिली, तरी ती सगळ्या खुर्च्यांत सारखीच राहील. सगळीकडे सारखी असलेली चूक सांध्याला सांभाळता येते. प्रत्येक ठिकाणी वेगळी असलेली चूक कोणालाच सांभाळता येत नाही.

तीन फर्मे, एक लांब दांडी

नुसता उपदेश नको म्हणून आमच्या दुकानात जे केले ते थोडक्यात सांगतो.

पहिला फर्मा वेताच्या बैठकीचा. वेत विणण्यासाठी चौकटीला अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडावी लागतात. आपण एका भोकापासून दुसरे मोजतो. प्रत्येक वेळी पाव सुताची चूक झाली तरी सोळा भोकांत चार सूत, म्हणजे अर्धा इंच होतो. आख्खे एक घर सरकते. समोरासमोरच्या पट्ट्यांची भोके जुळत नाहीत आणि विण तिरकी जाते. आपल्या देशात वेताच्या खुर्च्या विणण्याचे काम अंध कारागीरही करतात, त्यांच्या शाळांतून ते शिकवले जाते. त्यांची बोटे एका भोकावरून दुसऱ्या भोकावर अंदाजाने जातात. आपल्या निष्काळजीपणाचा त्रास त्या बोटांना होतो, हे लक्षात ठेवावे. उपाय सोपा आहे. लोखंडाच्या पट्टीवर सगळी भोके एकदाच पाडून घ्यावीत, प्रत्येक भोक पट्टीच्या एकाच टोकापासून मोजावे आणि ती पट्टी प्रत्येक चौकटीवर शिकंज्याने बांधून भोके मारावीत. सगळी मापे एकाच टोकापासून घेतली की चूक साचत नाही.

दुसरा फर्मा पायाच्या भोकाचा. खुर्चीचे पाय थोडे बाहेर झुकलेले असतात. तो झुकाव अंशात मोजण्याची गरज नाही, लाकडाची एक फाचर पुरते. आठ इंच लांबीला एक इंच चढ असलेली फाचर म्हणजे साधारण सात अंश. बैठक त्या फाचरीवर ठेवली आणि स्टँडला लावलेले ड्रिल सरळ खाली आणले, की भोक आपोआप सात अंशांत पडते. स्टँड नसेल तर जाड सागवानी ठोकळ्यात त्याच झुकावाचे एक भोक पाडून त्यात लोखंडी नळीचा तुकडा बसवावा. नळीच्या आतला व्यास बिटाला नेमका हवा. बिट त्या नळीतूनच जाईल, इकडेतिकडे हलणार नाही. नळी न बसवता नुसत्या लाकडावर काम भागवले तर दहा-वीस भोकांत लाकूड झिजते आणि फर्मा खोटे बोलू लागतो. डाव्या आणि उजव्या पायाचे फर्मे वेगळे करावेत आणि त्यांवर “डावा”, “उजवा”, “पुढची बाजू” असे ठळक लिहावे. उलटा लावलेला फर्मा हा फर्मा नसण्यापेक्षा वाईट.

तिसरा फर्मा सर्वांत उपयोगी. त्याला आम्ही “खोटा पाय” म्हणतो. पायांमधली आडवी दांडी बसवायची तर दोन्ही पायांच्या आतल्या बाजूला, एकमेकांच्या नेमके समोर भोक हवे. पण पाय बैठकीत बसवल्यावर मधल्या जागेत मशीन शिरत नाही. म्हणून आपण मशीन तिरके धरतो आणि भोकही तिरके जाते. पाय काढून भोके घ्यावीत तर झुकावाचा हिशेब चुकतो. यासाठी ज्या पायात भोक घ्यायचे तो बैठकीत बसवावा आणि समोरच्या पायाच्या जागी खोटा पाय बसवावा. खोट्या पायात दांडीच्या उंचीवर आरपार भोक असते आणि त्यात लोखंडी नळी असते. मशीन खुर्चीच्या बाहेर राहते. तिची लांब दांडी खोट्या पायाच्या नळीतून आत शिरते आणि समोरच्या पायात नेमक्या रेषेत भोक पाडते. मग खोटा पाय दुसऱ्या बाजूला लावून हेच करायचे. झुकाव उलटा होतो म्हणून डावा आणि उजवा असे दोन खोटे पाय लागतात. कोन मोजावा लागत नाही, कारण रेष आपोआपच एका पायाच्या मध्यापासून दुसऱ्या पायाच्या मध्यापर्यंत जाते.

या कामाला बिट लांब करणारी दांडी लागते. दोन फूट लांबीचा सरळ, गुळगुळीत लोखंडी बार लेथवाल्याकडे न्यावा. एक टोक मशीनच्या चकमध्ये बसेल इतके बारीक करून घ्यावे. दुसऱ्या टोकाला मध्यावर बिटाच्या मुठीएवढे भोक करून बाजूने दोन छोटे स्क्रू आवळायची सोय करावी. हे भोक लेथवरच, अगदी मध्यावर व्हायला हवे. मध्य अर्धा मिलिमीटर सरकला तर बिट डोलते आणि लाकडातले भोक एक मिलिमीटर मोठे होते. बाजारात तयार मिळणाऱ्या स्वस्त दांड्या स्क्रू फिरवायला ठीक आहेत, पण त्यांपैकी अनेकींत बिट सैल बसते. खुंटीच्या भोकासाठी त्यांवर भरवसा ठेवू नये.

दांडी लांब असल्याने वेगात फिरवली तर ती फटका मारते. म्हणून मशीन हळू चालवावे, बिटाचे टोक लाकडाला टेकल्यावरच बटण दाबावे आणि खुणेवर आधी टोच्याने खळगा करावा. शक्य असेल तर ज्या पायात भोक घ्यायचे त्यावरही नळीचा छोटा ठोकळा बांधावा, म्हणजे दांडीला दोन्हीकडे आधार मिळतो. भोकाची खोली राखण्यासाठी दांडीवर चिकटपट्टी किंवा कडे लावावे. सैल बाह्यांचा कुर्ता घालून हे काम करू नये. आणि प्रत्येक नव्या बिटाने आधी टाकाऊ तुकड्यात भोक मारून खुंटी बसवून पाहावी. हाताने दाबून खुंटी आत गेली आणि ओढताना थोडा जोर लागला, तर भोक बरोबर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ओल्या लाकडाला फर्मा वाचवू शकत नाही. नीट न वाळवलेल्या लाकडाची खुर्ची कितीही अचूक भोकांची असली तरी वैशाखात सुटणारच.

पैशाचा प्रश्न आणि व्याजाचा

नवे काही करा म्हटले की भांडवलाचा प्रश्न येतो आणि भांडवल म्हटले की व्याजाचा. आपल्यातील अनेक कारागीर व्याज नको म्हणून कर्ज घेत नाहीत, आणि कर्ज नाही म्हणून धंदा आहे तिथेच थांबवतात. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की मुस्लिम समाजात स्वतःच्या हातावर धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नव्हे. पण फर्म्यासाठी कर्जाची गरजच नाही. ठोकळे आपल्याच टाकाऊ तुकड्यांतून निघतात. नळीचे तुकडे, लोखंडी पट्टी आणि लेथवाल्याची मजुरी एवढाच खर्च. माझ्या हिशेबाने परत आलेल्या एक-दोन खुर्च्यांच्या दुरुस्तीत हा खर्च भरून निघतो.

मशीन किंवा स्टँड घ्यायचा असेल तर केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आहे. ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि तिच्यातील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. नाव पाहून ही योजना आपली नाही असे आपल्यातील काहीजण समजतात, तो गैरसमज आहे. योजना व्यवसायासाठी आहे, धर्मासाठी नाही. तिचे दोन भाग वेगळे ओळखावेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोजचा पाचशे रुपये भत्ता आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य हे कर्ज नाही, त्यावर व्याज नाही. पुढचे एक लाख आणि दोन लाखांचे कर्ज मात्र पाच टक्के व्याजाचे आहे. ज्याला व्याज टाळायचे त्याने पहिला भाग घ्यावा, दुसरा सोडावा. व्याजाच्या भीतीने पहिलाही सोडणे हे शहाणपण नव्हे. आणि गावातील बैतुलमाल जर एखाद्या होतकरू शागिर्दाला चांगल्या ड्रिल मशीनपुरते कर्जे-हसना देऊ शकले, तर तो पैसा एका घराची रोजी उभी करील.

भुशाने भरलेले भोक

आता मूळ मुद्द्यावर येतो. अचूक भोक हा केवळ धंद्याचा प्रश्न आहे असे मी मानत नाही. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगापाशी थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. सरस-भुशाने लिंपलेले आणि पॉलिशखाली झाकलेले भोक याहून वेगळे काय आहे? वरून कोरडे, आतून ओले. गिऱ्हाईक ढिगात हात घालू शकत नाही, एवढाच फरक.

याच हदीसग्रंथात हजरत जकरिया (अ.) सुतारकाम करीत असल्याचा उल्लेख आहे. पैगंबरांच्या (स.) मशिदीतील मिंबर एका सुताराने रानातल्या झाऊच्या लाकडापासून बनवला होता. आणि कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांना चिलखते बनवण्याची आज्ञा करताना त्याबरोबरच कड्यांचे माप नीट राखण्याचीही आज्ञा आहे. एका कड्याचे माप चुकले तर चिलखत घालणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. वजनात कमी देणाऱ्याला आपण गुन्हेगार मानतो. मग मापात चुकलेला सांधा पूर्ण किमतीला विकणाऱ्याला काय म्हणावे? चूक होणे मानवी आहे. ती टाळण्याचे साधन हाताशी असताना आळसाने किंवा अहंकाराने ते न वापरणे, याचा मात्र जाब द्यावा लागेल.

काय करता येईल?

माझ्या सूचना साध्या आहेत. पहिली, प्रत्येक दुकानाने आपल्या रोजच्या विक्रीच्या एका खुर्चीचे मोजमाप कायमचे ठरवावे आणि तिचे फर्मे करून भिंतीवर टांगावेत. फर्म्यावर तारीख घालावी. खुर्चीच्या बैठकीखाली त्या फर्म्याचा क्रमांक कोरावा. दहा वर्षांनी खुर्ची आली तरी कोणता पाय लागेल ते कळेल. दुसरी, विकताना गिऱ्हाइकाला तोंडी नव्हे, लेखी सांगावे की पाय किंवा दांडी मोडल्यास तेवढाच भाग बदलून मिळेल. हे वचन प्लास्टिकवाला देऊ शकत नाही.

तिसरी सूचना उस्तादांना. आपल्याकडे विद्या राखून ठेवण्याची खोड आहे. शागिर्द दहा वर्षे रंधा मारतो, पण माप काढायची वेळ आली की उस्ताद त्याला चहा आणायला पाठवतो. मग उस्तादाबरोबर विद्याही कबरीत जाते. शागिर्दाला पहिल्याच वर्षी फर्मा करायला शिकवा. फर्मा करताना त्याला माप, कोन आणि चुकीचा हिशेब, तिन्ही कळतात. इस्लापूर, हिमायतनगर, किनवट, भोकर या भागातील दुकानदारांनी एकमेकांचे फर्मे जुळवून घेतले तर साठ खुर्च्यांचे काम चार दुकानांना वाटून घेता येईल आणि तरीही साठही खुर्च्या एकसारख्या निघतील. आज मोठे काम आले की एकटे दुकान ते घेऊ शकत नाही, आणि वाटून घ्यावे तर माल जुळत नाही.

चौथी सूचना मशीद, मदरसा आणि शाळा चालवणाऱ्या विश्वस्तांना. स्वस्त मिळते म्हणून दर दोन वर्षांनी प्लास्टिक घेऊ नका, पण आपला माणूस म्हणून डुगडुगती लाकडी खुर्चीही घेऊ नका. कारागिराला सांगा, दोन खुर्च्या आण, एकीचा पाय काढून दुसरीला लाव. लागला तर काम दे, नाही तर परत पाठव. ही कसोटी कठोर नाही, न्याय्य आहे. मीसुद्धा या कसोटीला तयार आहे.

शुक्रवारी आपली बरीच दुकाने अर्धा दिवस बंद असतात. येत्या जुम्याला नमाजनंतर घरी पडून राहण्याऐवजी दुकानात जा, टाकाऊ सागाचा एक ठोकळा घ्या आणि एक फर्मा करून पाहा. पहिला बिघडेल, दुसरा बरा होईल, तिसरा भिंतीवर टांगण्याजोगा होईल. इन्शाअल्लाह, पुढच्या उन्हाळ्यात परत येणाऱ्या खुर्च्या मोजाल तेव्हा फरक तुम्हालाच दिसेल.